नदी उजव्या हाताला

मार्च १९९० मध्ये बाबा आमटे यांनी आनंदवन सोडलं. वरोऱ्याजवळच्या त्या खडकाळ माळावर ते १९५१ साली साधनाताई, दोन लहान मुलं आणि सहा कुष्ठरुग्ण यांच्यासह राहायला आले होते. पुढच्या चार दशकांत माळाचं नांदतं गाव झालं. बाबांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. मणक्याच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे. चालायचं, नाहीतर आडवं व्हायचं. याच अवस्थेत त्यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा नेली होती. शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर होत्या आणि बाबा सोबतच्या गाडीत आडवे पडून होते.

त्यांनी नवं बिऱ्हाड थाटलं ते मध्य प्रदेशात, बडवानीजवळच्या कसरावदला, नर्मदेच्या काठी. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांच्या बाजूनं उभं राहण्यासाठी ते आणि साधनाताई तिथं जवळपास दहा वर्षं राहिले. १९९१ मध्ये बाबांनी पद्मश्री आणि पद्मविभूषण हे दोन्ही सन्मान सरकारला परत केले. धरणाची ही लढाई मराठी वाचकाला ठाऊक आहे. पण त्यांचा हा मुक्काम भारतातल्या सर्वांत लांब पायवाटांपैकी एकीवर पडला होता, याकडे फारसं लक्ष गेलेलं नाही. ती वाट म्हणजे नर्मदा परिक्रमा.

वाट आणि तिचे नियम

अमरकंटकला उगम पावणारी नर्मदा १,३१२ किलोमीटर वाहून भडोचपुढे खंभातच्या आखाताला मिळते. दोन्ही काठ धरले तर चालणं अडीच हजार किलोमीटरांच्या वर जातं. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि तिचं पात्र कुठंही ओलांडायचं नाही, हा मूळ नियम. म्हणून ओंकारेश्वरहून निघालेला परिक्रमावासी परिक्रमा पुरी होईपर्यंत नदीच्या पात्रातल्या मांधाता बेटावर पाऊल ठेवत नाही. चातुर्मासात चालणं थांबतं. देवउठनी एकादशी झाली की पुन्हा सुरू होतं. दिवाळी सरताना वरोरा-चंद्रपूरकडची माणसं वर्धा, भुसावळ, खंडवा करत ओंकारेश्वर गाठतात, ती यामुळेच. परंपरेनं सांगितलेला काळ तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांचा आहे. आज पायी जाणारे बहुतेक जण काही महिन्यांत परिक्रमा पुरी करतात.

गोनीदांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ने ही वाट मराठी घरांत आणली, जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने पुढच्या पिढीला घराबाहेर काढलं. काठावर मराठी बोलणं आज सर्रास कानावर येतं.

संध्याकाळचा मुक्काम

दिवस कलायच्या आत मुक्काम गाठायचा असतो. आश्रम असो, शाळेचा व्हरांडा असो की कुणाचं अंगण, दारात उभं राहून ‘नर्मदे हर’ म्हणायचं. आतून तेच उत्तर येतं आणि पाठोपाठ प्रश्न: कितनी मूर्ति हैं? जेवढी माणसं, तेवढ्यांचं आसन लागतं. ज्याला स्वतः रांधायचं असेल त्याला सदावर्त मिळतं: पीठ, डाळ, मीठ, मिरची, कधी गूळ, आणि सोबत चुलीसाठी दोन-चार गोवऱ्या. तीन दगडांवर डाळ चढते, निखाऱ्यांवर टिक्कड भाजले जातात. पाय सुजलेले असले तर कुणी न सांगता कोमट पाणी आणून ठेवतं. सकाळी निघताना यजमान वहीत नाव-गाव लिहून घेतो आणि परिक्रमावासीच्या वहीवर शिक्का मारून देतो. या सगळ्याचे पैसे कुणी मागत नाही.

दुसरीकडच्या लांब वाटांची रीत वेगळी. अमेरिकेतली ॲपलाचियन वाट १९३७ साली पूर्ण झाली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांवर झाडांना पांढऱ्या रंगाच्या खुणा, अंतराअंतरावर निवारे, आणि दर काही दिवसांनी शिधा विकत घ्यायला जवळचं गाव, अशी तिची व्यवस्था आहे. जपानच्या शिकोकू बेटावरची अठ्ठ्याऐंशी मंदिरांची वाट परिक्रमेला अधिक जवळची: तिथले लोक यात्रेकरूला फळं, पैसे, चहा देतात आणि ते देण्यात आपलंही पुण्य मानतात. नर्मदेवर मात्र संपूर्ण वाटच या देण्यावर उभी आहे. आखून दिलेला रस्ता नाही, एक व्यवस्थापन नाही. पुढच्या गावात कुणीतरी विचारील, या भरवशावर माणूस पाऊल टाकतो.

शहरं येतात तेव्हा हा क्रम थोडा बदलतो. बडवानी, भडोच, महेश्वर, जबलपूर, नर्मदापुरम ही दुरुस्तीची ठिकाणं. इथं चप्पल शिवून घ्यायची, दवाखान्यात टाचेचा फोड दाखवायचा, घरी फोन करायचा, धर्मशाळेच्या नळावर कपडे धुवायचे. केस-दाढी न करण्याचा नेम असल्यानं न्हाव्याचं दुकान तेवढं टाळायचं. महेश्वरला अहिल्याबाईंच्या घाटावर मराठी माणूस हमखास एक दिवस जास्त रेंगाळतो. मग मात्र गर्दीचा कंटाळा येतो आणि पावलं पुन्हा खेड्याकडे वळतात.

दक्षिण काठ संपतो विमलेश्वरच्या बाजूला. तिथून उत्तर तटावर मीठी तलाईला जायला होडी. समुद्रातून गेलं म्हणजे नदी ओलांडली असं होत नाही. होडी भरतीच्या वेळेला सुटते, मग ती रात्री असो वा पहाटे. काठीवर, झोळीवर डोकं टेकून माणसं तासन्‌तास पाण्याची वाट बघतात. भर समुद्रात कुपीतलं थोडं नर्मदाजल खाऱ्या पाण्याला अर्पण करायचं, आणि पलीकडे उतरलं की उगमाकडे तोंड करायचं.

बुडालेली वाट

बडवानीच्या पुढं शूलपाणीची झाडी लागते. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला नर्मदेचा सुमारे ५४ किलोमीटरचा काठ याच सातपुड्यात आहे, नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत. इथं परिक्रमावासीला लुटून लंगोटीवर सोडतात, अशी ख्याती होती. जंगल आणि जमीन दोन्ही हातांतून निसटत चाललेल्या माणसांच्या त्या पाड्यांवर आज चालणाऱ्यांना भाकरी मिळते, हे अलीकडच्या अनेक परिक्रमावासींनी लिहून ठेवलं आहे.

याच पट्ट्यावर धरणाचं पाणी चढलं. नर्मदा पाणीतंटा लवादानं १९७९ मध्ये ठरवलेली धरणाची उंची ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर. महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली. मणिबेली हे पाण्याच्या तोंडी आलेलं त्यातलं पहिलं गाव. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर बुडालं आणि नवं गोरा गावात बांधलं गेलं. बडवानीच्या राजघाटावर गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई यांच्या अस्थींचं स्मारक होतं. वर्धा-सेवाग्रामशी नातं सांगणारं हे स्मारक २०१७ मध्ये हलवावं लागलं. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा पूर्ण भरला.

काठाकाठानं जाणारी पायवाट तळाशी गेली तशी परिक्रमा डोंगरात वर सरकली. नकाशावर हा बदल चार बोटांचा. प्रत्यक्षात मात्र पिढ्यान्‌पिढ्या परिक्रमावासीला दार उघडणारी घरं पुनर्वसन वसाहतींमध्ये विखुरली. यजमानच उठून गेला तर वाट उरते कशी? ती उरली, कारण उरलेल्या गावांनी आणि नव्या पाड्यांनी तो भार उचलला. कसरावदला बाबा नेमकं हेच वाचवायला गेले होते: नदीकाठी एकमेकांच्या आधारानं जगणाऱ्या माणसांचं गाव.

आज गाडीनं दोन-तीन आठवड्यांत परिक्रमा करणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि रस्ते, घाट, वाहनतळ यांच्या योजना आखल्या जातात. वृद्धांना, आजाऱ्यांना त्याचा लाभ होतो, तो जरूर व्हावा. पण ही वाट जपायची असेल तर खर्चाचा पहिला हक्क काठावरच्या यजमानांचा आहे. विस्थापितांचं अपुरं राहिलेलं पुनर्वसन, पाड्यावरचा दवाखाना, शाळा, पिण्याचं पाणी हा परिक्रमेच्याच देखभालीचा भाग मानला पाहिजे. जे मूठभर पिठातलं अर्धं परक्याला देतात, त्यांच्या घरी पीठ असणं ही आपल्या सगळ्यांची जबाबदारी आहे. या वर्षी कार्तिकात वरोऱ्याहून जो कुणी निघेल, त्यानं परतल्यावर देवळांइतकंच या घरांविषयी बोलावं, लिहावं, आणि त्यांच्या मागण्या सरकारदरबारी मांडल्या जातील तेव्हा त्यांच्या बाजूनं उभं राहावं.