उपडा पेला आणि उथळ पाण्यातली बोट

सप्टेंबर २०२५मध्ये जायकवाडी धरणातून मोठा विसर्ग झाला आणि जालना जिल्ह्याच्या गोदाकाठी पाणी शेतांत पसरले. अशा पाण्यात बचावाची मोटारबोट चालवणे अवघड असते. पात्रात पाणी खोल, पण बांधावर जेमतेम गुडघाभर. साध्या बोटीचा पंखा तळाच्या खाली फिरतो, म्हणून तो बांधाला आदळतो.

यावर उपाय म्हणून काही बोटींच्या तळाला मागच्या बाजूस उलट्या पन्हळीसारखा बोगदा ठेवतात व पंखा त्यामागे उंच बसवतात. पण तेवढ्या उंचीवर पाणी कसे पोचते?

बादलीत पेला बुडवून भरा, पाण्यातच उपडा करा आणि सावकाश वर उचला. काठ बुडालेला असेपर्यंत आतले पाणी बाहेरच्या पातळीहून वर राहते. बाहेरच्या हवेचा दाब त्याला तोलून धरतो. काठ सुटला, हवा शिरली, की पाणी खाली! बोगद्याचेही तसेच आहे.

म्हणून मोटारीची उंची बेताने ठरवावी. पंख्यावरची आडवी पट्टी बोगद्याच्या छताच्या पातळीत ठेवून सुरुवात करावी. मग मोटार एकेक भोक, म्हणजे साधारण १९ मिलिमीटर, वर घ्यावी. दर वेळी माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवून बोट चालवावी, वळवावी. इंजिनाचा आवाज चढला पण वेग वाढला नाही, तर पंखा हवा ओढतो आहे. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार तुटली, तर ते तापून बंद पडेल. यांपैकी काहीही दिसताच मोटार एक भोक खाली घ्यावी. ही चाचणी पावसाळ्यापूर्वी करावी. पुरात तिला वेळ नसतो.