निरांजनाची ज्योत का थरथरते?

जुलै महिन्यातील एखादी सायंकाळ असावी, कुक सामुद्रधुनीवरून दक्षिणेचा वारा सुटलेला असावा, आणि दारे-खिडक्या नीट लावून घेऊन आपण देवापाशी निरांजन लावावे. पोरिरुआतील जुन्या लाकडी घरांत राहणाऱ्या बंधुभगिनींना पुढचा अनुभव सांगण्याची आवश्यकता नाही. बंद खोलीतही ज्योत स्थिर राहत नाही. ती कधी एका बाजूस झुकते, कधी दचकल्यासारखी खाली बसते. आपण ज्योतीआड हात धरतो आणि आरती पुरी करतो. परंतु ती थरथरणारी ज्योत आपल्याला घराविषयी काही सांगत असते. बाहेरची थंड हवा कोठून तरी आत येत आहे, आणि जिच्यासाठी आपण विजेचे बिल भरले ती उबदार हवा दुसरीकडून तितक्याच प्रमाणात बाहेर जात आहे, असा तिचा अर्थ आहे.

फटींशी आपले नाते जुने आहे. आणि ते नेहमीच वैराचे होते असे नाही. कोकणातील कौलारू घरात चुलीचा धूर कौलांमधूनच वाट काढी. तेथून मॉरिशसला गेलेल्या आपल्या पूर्वजांनी मळ्यांवरील कॅम्पांत गवताने शाकारलेल्या झोपड्यांत दिवस काढले. त्यांतूनही वारा खेळत असे. फिजीत १८७९ साली 'लिओनिडास' जहाजाने पहिले गिरमिटिये उतरले आणि त्यांच्यासाठी मळ्यांवर 'लाइनी' उभ्या राहिल्या. १० फूट लांब व ७ फूट रुंद अशी एकेक खोली, आणि तीत तीन एकटे पुरुष किंवा एक कुटुंब! दोन खोल्यांमधील भिंत छपरापर्यंत नेलेली नसे. हवा खेळावी म्हणून वरची जागा मोकळी ठेवून तीवर जाळी मारीत. त्या मोकळ्या जागेने माणसाचा एकान्त हिरावून घेतला हे खरे. तथापि उष्ण प्रदेशात वाऱ्याची झुळूक हा दिलासाच होता. म्हणून आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या मनात फट म्हणजे हवा आणि हवा म्हणजे आरोग्य हे समीकरण पक्के बसले असेल, तर त्यात नवल नाही. मात्र ४१ अंश दक्षिण अक्षांशावर हे समीकरण जसेच्या तसे लागू पडत नाही.

पोरिरुआ हे बहुतांशी सरकारने वसविलेले नगर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर येथे सरकारी घरांच्या मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. टिटाही बे येथे तर १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुमारे ५०० घरांचे कापून तयार केलेले सामान थेट ऑस्ट्रियाहून आणविण्यात आले आणि ऑस्ट्रियन सुतारांनीच ती घरे उभारली. पुढे पोरिरुआ ईस्ट आणि कॅनन्स क्रीक हे भाग वसले. घरे मजबूत लाकडाची, खांबांवर उभी, खाली मोकळी जागा आणि वर फळ्यांची जमीन, अशी त्या काळची रीत होती. परंतु नव्या घराच्या भिंतींत व छतात उष्णता अडविणारे अस्तर, म्हणजे इन्सुलेशन, घातलेच पाहिजे असा देशव्यापी नियम १९७८ साली आला. त्यापूर्वीची हजारो घरे त्याविना बांधली गेली होती.

घरातून हवा किती गळते हे मोजण्याचे एक शास्त्र आहे. १९७० नंतरच्या दशकात स्वीडनमध्ये खिडकीत पंखा बसवून ही परीक्षा घेऊ लागले. लवकरच ती अमेरिकेत गेली आणि पंखा खिडकीतून दारात आला. तिला आज 'ब्लोअर डोअर' परीक्षा म्हणतात. तिची रीत अशी: बाहेरची सर्व दारे-खिडक्या बंद करावयाची, आतली दारे उघडी ठेवावयाची, शेगडी किंवा फायरप्लेस विझवून राख झाकावयाची. मग पुढच्या दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून त्यात पंखा बसवितात. पंखा घरातील हवा बाहेर ओढू लागला की आतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. हा फरक ५० पास्कल झाला की पंख्यातून तासाला किती हवा जात आहे हे यंत्रावर वाचतात. ५० पास्कल हा दाब फार मोठा नाही. ५ मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या थराएवढाच तो असतो. ताशी तीसएक किलोमीटर वेगाचा वारा घरावर एकाच वेळी चहूबाजूंनी वाहावा तशी ती स्थिती होय.

आता साधा हिशेब पाहू. १०० चौरस मीटरचे घर, छताची उंची २.४ मीटर, म्हणजे आत २४० घनमीटर हवा. तो दाब टिकविण्यासाठी पंख्याला तासाला २४०० घनमीटर हवा ओढावी लागली, तर त्या दाबाखाली घरातील सारी हवा तासाला १० वेळा बदलली, असे म्हणतात. जर्मनीत जन्मलेल्या 'पॅसिव्ह हाउस' या अत्यंत काटेकोर पद्धतीत हा आकडा ०.६ च्या वर जाऊ देत नाहीत. न्यू झीलंडमधील घरांची अशी मोजणी 'ब्रॅन्झ' या बांधकाम-संशोधन संस्थेने अनेक दशके केली आहे; आणि वाचकांस कौतुक वाटेल की या संस्थेच्या प्रयोगशाळा आपल्या पोरिरुआच्याच हद्दीत, जजफर्ड येथे आहेत. तिच्या मोजणीत १९६० पूर्वीच्या, फळ्यांची जमीन असलेल्या घरांचा आकडा सरासरीने १९ च्या आसपास आढळला. पुढे फळ्यांऐवजी सलग तक्ते आणि लाकडी खिडक्यांऐवजी ॲल्युमिनियमच्या खिडक्या आल्या, तसतसा तो खाली आला.

यंत्र आणणे प्रत्येकास शक्य नाही. परंतु त्याचे धाकटे भावंड आपल्या प्रत्येकाच्या देवघरात आहे. ते म्हणजे उदबत्ती. वाऱ्याचा दिवस निवडावा, दारे-खिडक्या लावाव्यात, स्वयंपाकघरातील व न्हाणीघरातील हवा खेचणारे पंखे सुरू करावेत, आणि पेटलेली उदबत्ती पडद्यांपासून जपून दाराच्या व खिडक्यांच्या कडांवरून सावकाश फिरवावी. भिंतीच्या पायथ्याची लाकडी पट्टी, विजेची बटणे, माळ्याचे झाकण, सिंकखाली नळ जेथून आत येतात ती भोके, यांपैकी काहीही वगळू नये. धूर सरळ वर गेला तर ठीक. तो आडवा फाकला की तेथे खडूने खूण करावी. दाराखालची फट कापडी वळकटीने, खिडकीची कड फोमच्या पट्टीने आणि भोक लांबीने बुजविता येते. एका दुपारचे हे काम घरातील मुलेही हौसेने करतील.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. फट बुजविणे म्हणजे घर डब्यासारखे बंद करणे नव्हे. आपल्या स्वयंपाकात वाफ फार. थंडीत कपडेही पुष्कळदा घरातच वाळत घातले जातात. ती ओल बाहेर गेली नाही तर काचांवर पाणी आणि भिंतींवर बुरशी ठरलेलीच. म्हणून रोज थोडा वेळ समोरासमोरच्या खिडक्या उघडून हवा बदलावी, स्वयंपाक करताना पंखा चालवावा. फटीतून येणारा वारा आपल्या मर्जीने येतो. खिडकीतून येणारा आपल्या मर्जीने येतो आणि जातो. नळकांडे नसलेला गॅसचा हीटर ज्या खोलीत जळतो, तेथील हवेची वाट तर कधीही बंद करू नये.

हा सारा खटाटोप केवळ बिलासाठी नाही. वेलिंग्टन येथील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्प उत्पन्नाच्या वस्त्यांतील १३५० घरांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. प्रत्येक घरात निदान एका माणसाला श्वसनाचा जुना विकार होता. इन्सुलेशन घातल्यावर निजण्याच्या खोलीचे तापमान सरासरीने अवघे अर्धा अंश वाढले, हवेतील ओल थोडी घटली. आणि एवढ्यानेही छातीत घरघर होण्याच्या तक्रारी कमी झाल्या, मुलांचे शाळेचे खाडे कमी झाले. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने थंड प्रदेशातील घरांसाठी किमान १८ अंशांची शिफारस केली. थंडीने खोकणाऱ्या नातवाच्या उशाशी रात्र जागलेल्या आजीला या आकड्यांचे मोल निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

घर स्वतःचे असेल तर अस्तरासाठी सरकारी साहाय्य मिळते काय याची चौकशी करावी. अशी एक योजना २०१८ साली सुरू झाली. भाड्याच्या घरासाठी मात्र कायदाच आहे. २०१९ साली न्यू झीलंडमध्ये भाड्याच्या घरांची आरोग्यविषयक मानके अमलात आली आणि १ जुलै २०२५ पर्यंत सर्व भाड्याच्या घरांनी ती पाळावीत असे ठरले. छताला व जमिनीखाली अस्तर, मुख्य खोलीत १८ अंश उष्णता देऊ शकणारा पक्का बसविलेला हीटर, आणि झोत आत आणणाऱ्या ३ मिलिमीटरहून मोठ्या फटी बुजविणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. दोन डॉलरच्या नाण्याची कड फटीत शिरते काय, ही तिची सोपी खूण. घर जुने आहे, ही सबब कायदा मानीत नाही. आणि तक्रार केली म्हणून भाडेकरूला बाहेर काढण्याची नोटीस देणेही त्याला मान्य नाही.

फिजीच्या गिरमिटावरही घराविषयी एक कलम होते. मजुराला योग्य निवासस्थान भाड्याविना मिळेल आणि मालक ते सुस्थितीत ठेवील, असे त्यात लिहिले होते. आपल्या पूर्वजांपैकी पुष्कळांनी त्या कागदावर अंगठा उठविला. त्यांना तो वाचता येत नव्हता, आणि मिळालेली खोली त्या शब्दांशी पडताळून पाहण्याचे साधनही त्यांच्यापाशी नव्हते. आज भाडेकरारातच घर मानकांप्रमाणे आहे की नाही याचे निवेदन घरमालकाला द्यावे लागते. आपल्याला ते वाचता येते. हातात उदबत्ती आहे, नाणे आहे, आणि प्रसंग पडल्यास टेनन्सी ट्रायब्युनलचे दारही आहे. 'चालायचेच' म्हणून सोसण्याची जी सवय आपल्याला वारशाने मिळाली, तिचा मान राखूनही ती येथे बाजूस ठेवावयास हरकत नाही.

या हिवाळ्यात निरांजन लावाल तेव्हा ज्योतीआड हात धरण्यापूर्वी क्षणभर थांबा, आणि वारा कोठून येतो ते पाहा. ती फट बुजली म्हणजे दुसऱ्या दिवशी ज्योत आपोआप स्थिर राहील, आणि आपला हात टाळ वाजविण्यास मोकळा राहील.