वास नसलेले विष

दिवाळे गावातल्या एका बैठकीनंतर एक भगिनी आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, सून बाथरूममध्ये दोनदा चक्कर येऊन पडली. शेजारचे म्हणतात, बाहेरचं काहीतरी आहे. गंडा बांधू का?"

आम्ही एवढेच विचारले, "गीझर कुठे बसवलाय?"

"आतच. गॅसचा आहे."

घरी जाऊन पाहिले. बाथरूम जेमतेम चार फुटांचे. वर एक झडप, तीही थंडी लागते म्हणून पुठ्ठा लावून बंद केलेली. बाधा सापडली. तिचे नाव कार्बन मोनॉक्साइड.

प्रत्येक घटनेला कारण असते, हे तथागतांनी शिकवले. हे कारण मुंबईला जुनेच आहे. कोळसा हवाबंद भट्टीत तापवला की जळणारा वायू निघतो. तो धुऊन, मोठ्या टाक्यांत साठवून नळांनी पुरवत. बॉम्बे गॅस कंपनीच्या अशा गॅसवर १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवरचे दिवे पेटले. पुढे तो काही घरांच्या चुलीपर्यंतही पोचला. लालबागच्या गॅस कंपनी लेनच्या नावात त्याची आठवण आजही आहे.

या गॅसमध्ये हायड्रोजन आणि मिथेनबरोबर कार्बन मोनॉक्साइडही असे. म्हणजे न जळता नुसता गळला, तरी तो विषारीच. रात्री तोटी उघडी राहिली तर झोपलेला माणूस सकाळी उठेलच याची खात्री नसे. ब्रिटनने १९६७ ते १९७७ या काळात घराघरातला हा गॅस बदलून नैसर्गिक वायू आणला, तेव्हा गॅसच्या विषबाधेचे मृत्यू झपाट्याने घटले. भट्टीवर राबणाऱ्यांनी तर वेगळीच किंमत मोजली. कोळशापासून गॅस बनवण्याच्या कामामुळे कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. कोळशामागचे कष्ट बाबासाहेबांनी जवळून पाहिले होते. मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या खाणीत स्वतः उतरले होते.

आता आपल्याकडे सिलिंडरचा एलपीजी किंवा पाइपचा नैसर्गिक वायू आहे. त्यांत कार्बन मोनॉक्साइड मिसळलेला नसतो. पण जळताना हवा कमी पडली, की तोच तयार होतो. पूर्वी हे विष कारखान्यातून नळाने घरात यायचे. आता आपण ते दार लावून बाथरूममध्ये तयार करतो. बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडीही तेच करते.

भगिनींनो, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. सिलिंडरला येतो तो वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू मिळत नाही. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला तर आईहूनही जास्त धोका असतो.

लक्षणे साधीच दिसतात: डोके दुखणे, मळमळ, चक्कर, पायांतले त्राण जाणे. आपण म्हणतो, पित्त झाले. पण त्रास आंघोळीच्या वेळीच होत असेल, बाहेर हवेत आल्यावर कमी होत असेल किंवा घरातल्या दोघा-तिघांना एकदमच होत असेल, तर संशय गॅसवर घ्या. कोरोनात घेतलेल्या, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेत ते यंत्र फसते आणि आकडा चांगला दाखवते.

माणूस पडला तर दार उघडा, गॅस बंद करा, त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत आणा आणि १०८ वर फोन करा. आत रेंगाळू नका, नाहीतर तुम्हीही पडाल. डॉक्टरांना आवर्जून सांगा, "गॅस गीझर चालू होता." या एका वाक्याने योग्य रक्ततपासणी होते आणि प्राणवायू लवकर सुरू होतो.

घरात काय करायचे?

गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. ते होईपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, मगच आंघोळीला जा. झडप कधीही बुजवू नका. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा भांड्याचे बूड काळे पडू लागले, तर बर्नर साफ करून घ्या. शेगडी पेटवून खोलीत झोपू नका.

गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन १९०६ वर कळवा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो. म्हणून दार आणि वरची झडप, दोन्ही उघडी हवीत.

त्या घरातला गीझर आता मागच्या पडवीत आहे. सून ठणठणीत आहे. गंड्याचे पैसे वाचले, ते प्लंबरला दिले. पुढच्या रविवारी वंदनेनंतर आपापल्या गल्लीतली पाच-पाच बाथरूम पाहून या आणि आम्हाला सांगा.

जय भीम!