पाकशाळेतील ईश्वरसान्निध्य

ईश्वराचे सान्निध्य कोणास लाभते, असा प्रश्न निघाला की संसारी मनुष्य त्या पंक्तीतून आपण होऊन उठतो. ज्यास सवड आहे, एकांत आहे, चित्ताची स्थिरता आहे, त्याचा तो मार्ग. दिवसभर कामास जुंपलेल्याचा नव्हे, अशी त्याची समजूत असते. ही समजूत खोटी ठरविणारा एक आचारी सतराव्या शतकात फ्रान्स देशी होऊन गेला. ख्रिस्ती जगात तो बंधू लॉरेन्स या नावाने प्रसिद्ध आहे.

त्याचे पूर्वाश्रमीचे नाव निकोला एर्मां. लोरेन प्रांतातील एका गरीब कुटुंबात सुमारे १६१४ साली त्याचा जन्म झाला. शिक्षण बेताचेच. वयाच्या अठराव्या वर्षी, ऐन हिवाळ्यात, एक निष्पर्ण वृक्ष त्याच्या दृष्टीस पडला. काही दिवसांनी यास पालवी फुटेल, मग फुले व फळे येतील, हा विचार मनात येताच ईश्वराच्या सामर्थ्याची जी जाणीव त्यास झाली, ती जन्मभर पुसली गेली नाही. पुढे तो सैन्यात शिरला, युद्धात जखमी होऊन लंगडा झाला, आणि एका अधिकाऱ्याच्या घरी हुजऱ्या म्हणून राहिला. तेथे आपल्या धांदरटपणामुळे हाती येईल ती वस्तू आपण फोडीत असू, असे तो स्वतःच सांगे. १६४० साली पॅरिस येथील कार्मेलाईट मठात त्याने प्रवेश केला. तो विद्वान नसल्यामुळे त्यास सेवक-बंधूंत घेण्यात आले व त्याची नेमणूक पाकशाळेत झाली. या कामाची त्यास स्वभावतःच नावड होती. तथापि सुमारे पंधरा वर्षे त्याने ते केले.

मठात आल्याने मन शांत झाले, असे मात्र घडले नाही. प्रार्थनेच्या नेमलेल्या वेळी त्याचे मन भटके. ते आवरण्यात व पुन्हा भटकण्यातच वेळ सरे. आपली पापे त्यास डोळ्यांपुढे दिसत. देवाने आपणास कायमचे टाकले आहे, या भयाने तो वर्षानुवर्षे पोळला. पहिली दहा वर्षे आपणास फार दुःखाची गेली, असे त्याने पुढे एका पत्रात लिहिले. अखेर त्याने मनाशी ठरविले की, हे दुःख आमरण राहिले तरी राहो. जे करावयाचे ते देवावरील प्रेमाखातर करावयाचे. सुटकेची अपेक्षा सोडली, आणि त्याच वेळी त्याच्या अंतःकरणास स्वस्थता लाभली.

याचे मर्म ख्रिस्ती शिकवणुकीत आहे. देवाशी सख्य हे पुण्याईचे वेतन नव्हे. येशू ख्रिस्ताच्या ठायी देव स्वतः मनुष्याजवळ आला व त्याने क्षमा देऊ केली. मनुष्याने त्या हाकेस ओ द्यावयाची, असे ती शिकवण सांगते. लॉरेन्स दहा वर्षे स्वतःच्याच मनाची नाडी पाहत बसला होता. ती सोडून त्याने देवाकडे पाहिले, इतकाच फरक पडला.

त्याची रीत अगदी साधी होती. काम हाती घेण्यापूर्वी तो देवाचे साहाय्य मागे. काम चालू असता मधून मधून मन क्षणभर त्याच्याकडे वळवी. तव्यावरील अंड्याची पोळी उलटावयाची तीही देवासाठीच, असा त्याचा भाव असे. काम चांगले झाले तर तो आभार मानी. चुकले तर चूक कबूल करून क्षमा मागे आणि मनास लावून न घेता पुन्हा कामास लागे. मन भटकले असे ध्यानात येताच त्यास हळूच परत आणावे. त्याबद्दल स्वतःस शासन करीत बसू नये, कारण तो खेदही मनास देवापासून दूरच नेतो, असे तो सांगे. हे वळण अंगी लागण्यास प्रथम कष्ट पडतात, हेही त्याने लपविले नाही.

येथे एक गैरसमज संभवतो. काम हीच पूजा, तेव्हा प्रार्थनेची गरज काय, असे त्याचे म्हणणे नव्हते. मठातील नेमलेल्या प्रार्थना तो पाळीतच असे. प्रार्थनेची वेळ व कामाची वेळ यांत मनाचा भाव वेगळा नसावा, एवढाच त्याचा आग्रह होता. अखंड प्रार्थना करा, असा जो उपदेश पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीस केला, त्याचे हे घरगुती रूप होय.

उतारवयात त्याच्याकडे मठवासीयांच्या चपला दुरुस्त करण्याचे काम आले. ता. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी तो मरण पावला. त्याने ग्रंथ रचला नाही. जोसेफ द बोफोर या धर्माधिकाऱ्याने १६६६ पासून त्याच्याशी झालेली संभाषणे टिपून ठेविली होती. ती व त्याची पत्रे त्याच्या मृत्यूनंतर १६९२ व १६९४ साली प्रसिद्ध झाली. लॉरेन्स कॅथलिक होता. तरी पुढे इंग्लंडातील प्रॉटेस्टंट उपदेशक जॉन वेस्ली यानेही आपल्या वाचकांसाठी निवडलेल्या ग्रंथमालेत त्यास स्थान दिले.

प्रार्थनेस बसले असता ज्याचे मन बाजारात, कचेरीत वा चुलीवरच्या दुधाकडे धावते, त्याने म्हणून निराश होऊ नये. लॉरेन्सचेही मन धावत असे. ते परत वळविण्याचा त्याने कंटाळा केला नाही.