ओझरचा कांदा आणि दुबईची खाडी

ओझर म्हटले की बाहेरच्या माणसाला विमाने आठवतात. एकेकाळी मिग इथेच बांधली जात, पुढे सुखोई आली. पण या गावाचे आणि आसपासच्या निफाड-दिंडोरीच्या शिवाराचे परदेशाशी खरे नाते आहे ते द्राक्षाचे आणि कांद्याचे. चाळीतून निघालेला कांदा पिंपळगावच्या बाजारात लिलावाला जातो, जाळीच्या गोण्यांत भरला जातो, मुंबई-आग्रा रस्त्याने कसारा घाट उतरून न्हावाशेवा बंदरात पोहोचतो आणि आठवड्याच्या आत दुबईच्या जेबेल अलीला लागतो. तिथून तो आखातातल्या इतर गावीही जातो. म्हणजे वाळवंटातल्या ज्या शहराची काचेची मनोरे-नगरी आपण चित्रात पाहतो, त्या शहराच्या फोडणीत नाशिकचा वाटा आहे.

आणि हे नाते काही कालपरवाचे नाही. दुबईचे टपाल कार्यालय १९०९ मध्ये उघडले ते हिंदुस्थानच्या टपाल खात्याने. तिथे आपलीच तिकिटे चालत. पैसाही आपलाच, रुपया. किनाऱ्यावरचे लोक उन्हाळ्यात मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारत, नाकाला चिमटा, कमरेला दोर, बस्स. ते मोती मुंबईच्या बाजारात येत आणि जगभर जात. १९२९ ची जागतिक मंदी आणि जपानचे कृत्रिम मोती या दोन तडाख्यांनी तो धंदा बसला. किनाऱ्यावरची घरेच्या घरे उपाशी पडली. दुबईच्या श्रीमंतीबद्दल बोलताना ही उपासमार सहसा कुणी सांगत नाही, पण ती समजल्याशिवाय पुढचे कळत नाही.

रुपयाची गंमत पुढे आहे. आखातात आपल्या नोटा चालत, म्हणून त्याच नोटांनी तिथे सोने घेऊन ते चोरून आपल्या किनाऱ्यावर उतरवायचे, असा मोठा व्यापार चाले. त्याला आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. सोन्याची चोरटी आवक काही त्यामुळे थांबली नाही, हे जुन्या मुंबईकरांना सांगायला नको. १९६६ मध्ये आपल्या रुपयाचे अवमूल्यन झाले आणि आखाती राज्यांनी एकेक करून रुपयाला रामराम ठोकला. दुबईचे चलन आज दिऱ्हम आहे, आणि एका दिऱ्हमला वीस रुपयांहून अधिक मोजावे लागतात. काळाचा हिशोब असा असतो!

दुबईचे सगळे दैव एका खाडीवर उभे राहिले. अरबीत तिला खोर म्हणतात. ती गाळाने भरत चालली होती. शेजारच्या शारजाची खाडी अशीच भरली आणि व्यापार सरकला. शेख रशीद यांनी १९६० च्या आसपास कुवेतकडून कर्ज काढून ही खाडी खोल करून घेतली. त्या वेळी दुबईत तेलाचा थेंब सापडलेला नव्हता, हे लक्षात घ्यायला हवे. तेल सापडले १९६६ मध्ये, निर्यात सुरू झाली १९६९ मध्ये. शेजारच्या अबूधाबीइतके ते नाही, हे शेखांना ठाऊक होते. म्हणून तेलाचे पैसे बंदरात घातले. १९७२ मध्ये रशीद बंदर झाले, १९७९ मध्ये जेबेल अली. १९८५ मध्ये तिथे मुक्त व्यापार क्षेत्र आले आणि त्याच वर्षी एमिरेट्स विमानसेवा. आज दुबईच्या उत्पन्नात तेलाचा वाटा एक-दोन टक्केच उरला आहे. घरात पैसा असताना त्यातून दुसरा पैसा उभा करणे सगळ्यांना जमत नाही. अर्थात सगळेच सुरळीत झाले असे नव्हे. २००९ मध्ये कर्जाचा डोंगर कोसळला, अबूधाबीने हात दिला, आणि २०१० मध्ये ८२८ मीटरचा ‘बुर्ज दुबई’ उघडताना त्याचे नाव अबूधाबीच्या शेखांवरून ‘बुर्ज खलिफा’ झाले.

दुबईला सहल नेणाऱ्या कंपन्या प्रवाशांना बहुधा याच मनोऱ्यावर आणि मॉलमध्ये नेतात. मुलांना ते आवडतेच. पण एक संध्याकाळ खाडीवर काढावी. लाकडी ‘अब्रा’ होडीत बसून बर दुबईहून पलीकडे देऱ्याला जावे. मसाल्याच्या आणि सोन्याच्या गल्ल्या तिथेच आहेत, आणि दुकानदार हिंदीत भाव करतो. अलीकडच्या काठाला अल फहिदीचा किल्ला आहे, अठराव्या शतकाच्या अखेरीचा. त्याच्या बाजूला जुनी बस्तकिया वस्ती, इराणमधल्या बस्तक गावच्या व्यापाऱ्यांनी वसवलेली. प्रवाळाच्या दगडाची घरे आणि छपरावर वारा खाली खेचणारे उंच मनोरे. वीज नव्हती तेव्हाचा तो पंखा. ऐंशीच्या दशकात ही वस्तीही पाडली जाणार होती, काही जणांनी आवाज उठवला म्हणून अर्धीमुर्धी वाचली. नाशिकच्या वाड्यांसाठी असा आवाज वेळेवर उठला असता, तर बरे झाले असते.

शहराच्या कडेला मजुरांची एक मोठी वसाहत आहे. तिचे बोलीतले नाव सोनापूर. मुंबईकराला ते नाव ऐकून चंदनवाडीचे स्मशानच आठवेल. दुबई अमिरातीत पस्तीस लाखांहून अधिक लोक राहतात, त्यांतले बहुसंख्य परदेशी आणि त्यांत भारतीय सर्वांत जास्त. कुणी बँकेत, कुणी इस्पितळात, कुणी बांधकामावर. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घेण्यास मनाई आहे. अशी मनाई करावी लागते यातच तिथल्या उन्हाचे आणि कामाचे वर्णन आले.

आता पुन्हा आपल्या कांद्याकडे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. त्याच वर्षी ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. शहरातल्या घराघरांत कांदा स्वस्त मिळावा, हे कारण समजण्यासारखे आहे. पण मार्च २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन कांदा सरकारी संस्थेमार्फत पाठवायला परवानगी मिळाली, तेव्हा इथला भाव आणि तिथला भाव यांतल्या तफावतीबद्दल व्यापाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी ओरड केली. ती चुकीची म्हणता येत नाही. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण किमान निर्यातमूल्य आणि शुल्क राहिले. सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते पूर्ण गेले.

मधल्या काळात अल अवीरच्या घाऊक बाजारातले गाळे रिकामे राहिले नाहीत. पाकिस्तानचा आणि इजिप्तचा कांदा तिथे येतच होता. ज्या खानावळीने सहा महिने दुसरा कांदा चिरला, तिला पुन्हा आपल्याकडे वळवायला भाव उतरवावा लागतो, आणि तो उतरतो शेतकऱ्याच्या पदरातून. ज्या गावाने खाडी भरू दिली नाही, ते माल कुठूनही आणून घेते. ओझरच्या शेतकऱ्याला मात्र कांदा चाळीत किती दिवस टिकेल एवढेच हातात असते.