काळजीचाही हिशेब ठेवावा लागतो

अकोल्याच्या टिळक रोडवर, महंमद अली रोडवर किंवा ताजनापेठेत संध्याकाळी शटर ओढण्यापूर्वी प्रत्येक व्यापारी गल्ला मोजतो, रोकड जुळवतो आणि वहीत आकडा टाकून मोकळा होतो. दहा रुपयांचा फरक आला तरी पुन्हा मोजतो. पण दिवसभर डोक्यात साचलेल्या काळजीचा हिशेब कोणी मांडत नाही. ती तशीच घरी जाते, जेवताना घास गोड लागू देत नाही आणि रात्री दोन वाजता जागे करते. या हिशेबाविषयी चार उपयोगाच्या गोष्टी आम्ही आज व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवत आहोत.

"टेन्शन घेऊ नका" असा सल्ला आम्ही देणार नाही. तो फुकट मिळतो आणि उपयोगी पडत नाही. वऱ्हाडातला धंदा पावसावर आणि कापसावर उभा आहे. शेतकऱ्याच्या हाती कापूस-सोयाबीनचा पैसा आला तर कापडवाला, मण्यार, गादी-रजई भरणारा पिंजारी, वखर-तिफण बनवणारा कारागीर अशा सर्वांचे चालते. पाऊस रुसला की सर्वांचीच उधारी थकते. त्यात २०१६ ची नोटबंदी, २०१७ चा जीएसटी, २०२० ची टाळेबंदी आणि मे २०२३ मध्ये शहरात झालेल्या दंगलीनंतरची जमावबंदी. छोट्या दुकानदाराने हे सर्व सोसले आहे. काळजीची कारणे खोटी नाहीत. प्रश्न एवढाच आहे की काळजीने आपल्याकडून काम करून घ्यावे की आपले काम बंद पाडावे?

पत जाईल ही भीती

आमच्या परिचयाचे एक बागवान आहेत. अकोटकडच्या एका बगीच्यातील मृग बहाराचा संत्रा त्यांनी झाडावरच घेतला, इसार दिला. फेब्रुवारीत गारपीट झाली आणि निम्मा माल जमिनीवर आला. ज्या अडत्याकडून रक्कम उचलली होती, त्याच्या दुकानावरून जाणे त्यांनी सोडले. रस्ता बदलला, मग फोन बंद ठेवू लागले. एके दिवशी पहाटे अचानक छातीत धडधड, हात गार, श्वास अपुरा. आता आपण जगत नाही असे वाटले. दवाखान्यात ईसीजी काढला, तो चांगला निघाला. पंधरा दिवसांनी पुन्हा तसेच झाले. डॉक्टरांनी सांगितले, "चाचा, हृदय ठीक आहे. हा घबराटीचा झटका आहे. मनात काय साचले आहे ते कोणाला तरी सांगा."

सांगणेच तर अवघड होते. बाजारात बातमी फुटली तर उद्या कोणी माल देणार नाही, ही भीती. आपल्यापैकी अनेकांच्या तोंडाला हेच कुलूप आहे. परंतु नीट पाहिले तर त्या बागवानांची पत कशाने घटत होती? गारपीट झाली हे साऱ्या बाजाराला ठाऊक होते. तोट्याने त्यांची पत गेली नव्हती, बंद फोनामुळे जात होती. शेवटी मोठ्या मुलाला बरोबर घेऊन ते अडत्यासमोर बसले, खरा आकडा सांगितला आणि हप्ते ठरवून घेतले. अडत्या म्हणाला, "भाई, हे महिन्यापूर्वी सांगितले असते तर मलाही झोप लागली असती."

यातून पहिली गोष्ट शिकण्यासारखी आहे. ज्या कामाची भीती वाटते ते टाळले की त्या दिवसापुरता आराम मिळतो, पण दुसऱ्या दिवशी तीच भीती दुप्पट होऊन येते. मनाची समजूत होते की टाळले म्हणूनच वाचलो. म्हणून भीतीच्या कामाचे लहान तुकडे करावेत. आज फक्त फोन सुरू ठेवावा, उद्या एक फोन करावा, परवा भेटावे. प्रत्येक पायरीवर धडधड होईल. ती थोड्या वेळाने ओसरते, हा अनुभव मनाला मिळणे हेच खरे औषध आहे.

काळजीची वही

दुसरी गोष्ट आपल्या सवयीचीच आहे. काळजीला दिवसातील एक ठरावीक वेळ द्यावी. १९८३ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. रोज एकाच जागी, एकाच वेळी, अर्धा तास काळजी करायची, आणि इतर वेळी ती आली तर "तुझी वेळ संध्याकाळी" म्हणून पुढे ढकलायची. रोकड जुळवल्यानंतरची वेळ यासाठी उत्तम. झोपण्याच्या तोंडावर मात्र हे करू नये.

एका साध्या वहीत तीन रकाने पाडावेत. पहिल्यात आज किंवा या आठवड्यात देय असलेले, म्हणजे वीजबिल, हप्ता, कारागिरांची मजुरी. दुसऱ्यात अजून देय नसलेले, म्हणजे दिवाळीचा माल, मुलीचे लग्न, पुढच्या वर्षीचा पाऊस. तिसऱ्यात आपल्या हाती नसलेले, म्हणजे कापसाचा भाव, शहरातील वातावरण, सरकारचे निर्णय. पहिल्या रकान्यातील प्रत्येक नोंदीपुढे उद्या करायचे एकच काम लिहावे. दुसऱ्या रकान्यापुढे ते केव्हा पाहायचे ती तारीख टाकावी. तिसऱ्या रकान्यापुढे काही लिहू नये, वही मिटावी. डोक्यात पन्नास वाटणाऱ्या काळज्या कागदावर बहुधा दहा-बारा निघतात आणि त्यातल्या उद्याच्या दोन-तीनच असतात.

उंट आधी बांधावा, मग भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्याला आहेच. पहिला रकाना म्हणजे उंट बांधणे आणि तिसरा म्हणजे भरवसा. आपली चूक अशी होते की उंट मोकळा ठेवून आपण रात्रभर आभाळाची काळजी करतो.

"झालेच पाहिजे" हा शब्द

तिसरी गोष्ट विचारांची. अमेरिकेचे अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत नेली. तिचे सार दुकानदाराच्या भाषेत असे सांगता येईल : "या ईदला माल खपावा" ही इच्छा आहे, आणि "या ईदला माल खपलाच पाहिजे, नाहीतर मी संपलो" ही मागणी आहे. इच्छा माणसाला सकाळी लवकर दुकान उघडायला लावते. मागणी हातपाय थंड करते. मनात "च" आला की थांबावे आणि विचारावे, माल खपला नाही तर नेमके काय होईल? तोटा होईल, किती, आणि तो किती महिन्यांत भरून निघेल? आकडा कळला की भीतीला सीमा पडते.

ही वाट आपल्याला अगदी नवी नाही. दहाव्या शतकात वारलेले बल्खचे विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. अचानक लागणारी औषधे आपण जशी घरात आधीच आणून ठेवतो, तसे मन शांत असताना धीराचे विचार साठवून ठेवावेत, असे त्यांनी सुचवले. मागच्या अडचणीतून आपण कसे निघालो हे चार ओळींत वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवणे हा त्याचाच एक सोपा प्रकार होय.

शरीराचेही ऐका

चौथी गोष्ट शरीराची. ग्राहकाबरोबर एक, अडत्याबरोबर एक असे दिवसाला दहा-बारा चहा होतात, वर खर्रा. चहातील कॅफिन आणि तंबाखूतील निकोटीन दोन्ही हृदयाचे ठोके वाढवतात, आणि मन त्यालाच घबराट समजते. मे महिन्यातील अकोल्याच्या उन्हात पाणी कमी पडले तरी धडधड होते. चहा हळूहळू कमी करावा, दुपारी चारनंतर टाळावा, खर्रा सोडावा. धडधड सुरू झाली तर चार मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्यावा, सहा मोजेपर्यंत सावकाश सोडावा, असे पाच मिनिटे करावे. रोज अर्धा तास चालावे. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न राहता उठून बसावे, पण मोबाईलवर भाव पाहू नयेत.

एक इशारा दिलाच पाहिजे. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असे झाल्यास घबराट समजून घरी थांबू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा. थायरॉईडच्या दोषानेही अशी धडधड होते, म्हणून एकदा तपासणी करून घ्यावी.

एवढे करूनही आठवडेच्या आठवडे झोप, भूक व कामावर परिणाम होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात ही सोय आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते आणि मराठीत बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच घडीला हा क्रमांक लावावा आणि जवळच्या माणसाला सांगावे. मेडिकलमधून स्वतःच झोपेच्या गोळ्या आणू नयेत, त्यांची सवय लागते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनाने बंद करू नयेत.

शेवटी ज्यांचे येणे बाकी आहे अशा बांधवांना एक विनंती. तंगीत असलेल्याला मुदत देण्याची शिकवण आपण जाणतो. समोरचा फोन उचलत नसेल तर तो बुडवणाराच असेल असे नाही, घाबरलेलाही असू शकतो. चारचौघांत न बोलता एकांतात विचारले, "भाई, किती जमेल आणि केव्हा?" तर बहुतेक वेळा पैसाही येतो आणि माणूसही राहतो.

ते बागवान आजही काळजी करतात. गेल्या हंगामात आभाळ भरून आले तेव्हा त्यांची छाती पुन्हा धडधडली. फरक एवढाच की त्यांचा फोन सुरू होता.