काटा, मजुरी आणि विहीर

पहाटे तीन. वसईतल्या नंदाखालच्या आमच्या वाडीत भाजी आदल्या संध्याकाळीच काढून, धुऊन, जुड्या बांधून ओटीवर ठेवलेली असते. पहाटे फक्त पाट्या भरायच्या. पालक, मुळा, अळू, पडवळ, वेलची केळी. आज वांगी नाहीत, कारण परवा त्यांच्यावर फवारणी झाली. औषधाच्या बाटलीवर किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं, आणि तेवढे दिवस आमच्या घरात कुणी वांग्याला हात लावत नाही. बाजारात भाव चढलेला असताना हे फार जड जातं. पण ज्या बाईच्या पोराच्या डब्यात ते वांगं जाणार, तिला ती बाटली दिसत नाही. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, असं बायबलमधल्या लेवीयच्या १९व्या अध्यायात सांगितलंय. त्याचा अर्थ मला वांग्याच्या वाफ्यात लागला.

हा अध्याय शेतकऱ्याने जवळ ठेवावा असाच आहे. उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात, सोमवारच्या मिस्सेत त्यातला काही भाग वाचतात. शेताच्या कडा आणि वजनमाप मात्र त्या वाचनात येत नाहीत, त्यासाठी घरी बायबल उघडावं लागतं. येशूने दुसरी मोठी आज्ञा म्हणून जी शेजारप्रीती सांगितली ती याच अध्यायातली. तिच्या मागेपुढे काय आहे? मजुरी, माप, चहाडी, परका माणूस. प्रेमाचा हिशेब रोजच्या व्यवहारात द्यावा लागतो, असं मी त्यावरून समजते.

चार. टेम्पोने विरार स्टेशन, मग लोकलचा मालडबा. फुलवाल्या बायका मोगऱ्याच्या करंड्यांवर कपडा टाकून बसलेल्या असतात. कुणाची जपमाळ चालू, कुणाची डुलकी.

साडेसहा. अंधेरीला फुटपाथवर पाट्या लागल्या की पहिलं काम काट्याचं. रिकामा काटा शून्य दाखवतो का, ते मी गिऱ्हाइकासमोर बघते. वैधमापनवाले तपासून शिक्का मारतात तो काटा खोटा नसतोच. खोटेपणा शिरतो तो हातातून. पालेभाजीवर पाणी मारावंच लागतं, नाहीतर नऊच्या उन्हात ती मान टाकते. पण पाणी मारणं वेगळं आणि भिजवून वजन वाढवणं वेगळं. जुडी बाहेरून टवटवीत आणि मधे पिवळी पानं कोंबलेली, हेही बाजारात चालतं. सासूबाईंनी मला जुडी बांधायला शिकवलं ते मधलं पान आधी निवडून. बाहेरचं तर गिऱ्हाईक बघून घेतंच, असं त्या म्हणत.

‘मावशी, पडवळ कोवळं आहे ना?’ एकीने आज विचारलं. दोन होती कोवळी, तिसरं निबर. ते बाजूला काढून मी दोनच तोलली. पाव किलोला थोडी कमी भरली, तेवढे पैसे कमी घेतले.

अकरा. शेजारी उत्तर प्रदेशातला एक कांदेबटाटेवाला बसतो. ‘याला उठवा, ही जागा आपल्या लोकांची’ असं म्हणणारे अधूनमधून येतात, आणि माझी मान हलेल अशी त्यांची अपेक्षा असते. मी नाही म्हणते. परक्याला आपल्यातलाच समजा, तुम्हीही मिसरात परके होता, असं कारणासकट त्या अध्यायात दिलंय. मुंबईत हे पाळायला अवघड आहे, हे मला माहीत आहे. मुलाला नोकरी नसलेल्या मराठी आईचा राग खोटा नसतो. तरी तो राग फुटपाथवरच्या कांद्याच्या गोणीवर काढणं मला मान्य नाही. पालिकेची गाडी आली की तो माझी पाटी उचलतो, मी त्याचा काटा.

दीड. परतीची लोकल. जेवण, तासभर पाठ टेकणं.

चार. वाडीत खुरपणी. जव्हारकडून आलेल्या दोन बायका आमच्याकडे कामाला येतात. वाफ्याच्या कडेची भाजी आणि झाडाखाली पडलेल्या शेवग्याच्या शेंगा त्यांच्या. ही मेहेरबानी नव्हे, म्हणून ‘घेऊन जा गं’ असंही म्हणायचं नाही, हा घरचा रिवाज. कडा मालकाने साफ करायच्याच नाहीत, असा त्याच अध्यायातला नियम आहे.

सहा. मजुरी. आजूबाजूला शनिवारी एकदम देतात, हिशेबाला सोपं पडतं. आम्ही रोज देतो. मला गाडी चुकली तर हे देतात. मजुराचा पैसा रात्रभर आपल्याकडे राहू नये, असं सांगणाऱ्याला हातावरचं पोट ठाऊक असणार. त्या बायकांना वाटेत दुकानातून तांदूळ घ्यायचे असतात. आपल्या डब्यात पैसे असताना त्यांनी उधारी का मागावी?

साडेसात. रोजरी. ती संपल्यावर अंगणात गप्पा रंगतात आणि एखादीची चहाडी निघते. मी तिथे मधे चहा आणते. उपदेश कुणाला आवडत नाही, चहा आवडतो.

नऊ. आज टँकरवाल्याचा माणूस पुन्हा येऊन गेला. आमच्या विहिरीला उन्हाळ्यातही गोडं पाणी आहे, त्या पाण्याचे तो रोख पैसे देतो म्हणतो. आमच्याच नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, यांनी हरित वसईच्या लढ्यात अशाच टँकरांविरुद्ध आवाज उठवला होता. एका विहिरीतून फार उपसा झाला की खाडीचं खारं पाणी आत सरकतं, आणि ते बांध बघून थांबत नाही. शेजारच्याची केळी करपतात. मुलगा म्हणाला, ‘आई, इतर विकतातच. आपण नाही विकलं म्हणून काय वाचणार?’ त्याचा प्रश्न वाजवी आहे. पलीकडच्या तीन विहिरी कुणाकुणाच्या आहेत ते मी त्याला विचारलं. त्याने नावं सांगितली, तिन्ही घरं नात्यातली. मग आम्ही दोघांनी बसून या महिन्याचं पंपाचं बिल, मजुरी आणि त्याची कॉलेजची फी मांडून पाहिली. फीला थोडे पैसे कमी पडतात. त्यासाठी रविवारीही पाटी न्यायची की कागड्याची फुलं दादरला द्यायची, एवढं अजून ठरायचं आहे.